दोरीला हात लावण्याआधी : होडीचं छोटं टू-स्ट्रोक मशीन कसं तपासावं, कसं चालू करावं

माझी शेड मालवणात, कोळंबच्या खाडीपासून हाकेच्या अंतरावर. ‘चालूच व्हना नाय’ म्हणत जी मशीनं माझ्याकडे येतात, त्यांतल्या बऱ्याच मशीनांना मुळात काही झालेलं नसतं. कुणाच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद असतो, कुणाच्या लाल दोरीची (माणूस पाण्यात पडला की मशीन बंद करणाऱ्या) क्लिप निसटलेली असते, कुणाच्या कॅनमध्ये शिमग्यापासूनचं पेट्रोल पडून असतं. पण माणूस सगळ्यात आधी दोरी मारायला घेतो. खांदा भरून येईपर्यंत मारतो. चोक ओढलेलाच राहतो, सिलिंडरात पेट्रोल साचतं, प्लग ओले होतात, आणि मग मशीन खरोखरच चालू होत नाही. म्हणून माझ्या क्रमात दोरी सगळ्यात शेवटी येते.

आमच्याकडे देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत छोट्या फायबर होड्यांना बहुतेक यामाहाचं एंड्युरो किंवा सुझुकीचं डीटी दिसतं, 8, 9.9 नाहीतर 15 एचपी. खालचं सगळं मी दोन सिलिंडरचं, दोरीने चालू होणारं, टाकी वेगळी असलेलं 15 एचपी डोळ्यांसमोर ठेवून सांगतोय. 2 एचपीच्या चिमुकल्या मशीनला टाकी डोक्यावरच असते, त्याला टाकीतून येणारी नळी आणि तिच्यावरचा फुगा (हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी गोळा) नसतो. बाकी बहुतेक गोष्टी तशाच. केरोसीनवर चालणारं मशीन असेल तर ते पेट्रोलवर चालू करायचं, गरम झालं की केरोसीनवर घ्यायचं आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं. नाहीतर दुसऱ्या दिवशी कार्बोरेटरमध्ये केरोसीनच असतं आणि थंड मशीन त्यावर उठत नाही.

आधी पेट्रोल, आणि त्यातलं तेल

टू-स्ट्रोकला मोटारीसारखं वेगळं इंजिन ऑइल नसतं. क्रँकच्या बेअरिंगला, पिस्टनला, रिंगांना जे काही तेल मिळतं ते पेट्रोलमधूनच, आणि ते तिथेच जळून धुरातून निघून जातं. त्यामुळे एक टाकीभर पेट्रोल बिनतेलाचं गेलं तर मशीन जाम. मग पिस्टन, बोअर, सगळाच खर्च.

प्रमाण बहुतेक मशीनांना 50 ला 1. म्हणजे 5 लिटरला 100 मिली, 10 लिटरला 200, 20 लिटरला 400. नवीन मशीन किंवा नवे पिस्टन-रिंग टाकलेलं मशीन पहिले दहा तास 25 ला 1 वर चालवायचं, म्हणजे 5 लिटरला 200 मिली. काही मॉडेलांना कंपनीने 100 ला 1 दिलेलं असतं, तेव्हा मशीनसोबतचं पुस्तक बघा; सेकंडहँड घेतलं असेल आणि पुस्तक नसेल तर 50 ला 1 धरा.

बंदरावर एक समज पक्का आहे, की दोन झाकणं तेल जास्त घातलं की मशीन जास्त टिकतं. जास्त तेलाने प्लग काळे होतात, हे सगळ्यांना दिसतं. न दिसणारी गोष्ट अशी, की कार्बोरेटरच्या जेटमधून, म्हणजे आतल्या बारीक भोकातून, जेवढं मिश्रण जायचं तेवढंच जातं. त्यात तेल वाढलं म्हणजे पेट्रोल तेवढं कमी झालं. मशीन उलट जास्त तापतं. मोजायला खोकल्याच्या औषधाचं माप वापरा, पण मापानेच घाला.

तेल कुठलं? डब्यावर टीसी-डब्ल्यू3 छापलेलं असलं पाहिजे. स्कूटरचं टू-टी तेल स्वस्त पडतं आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, म्हणून लोक तेच आणतात. ते हवेने थंड होणाऱ्या, जास्त गरम चालणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं असतं. आपलं मशीन पाण्याने थंड होतं. त्यात त्या तेलाची राख प्लगवर आणि रिंगांच्या खाचेत बसते. एखाद्या दिवशी अडचणीला चालवलंत तर चालेल, कायमचं नको. चार-स्ट्रोकचं इंजिन ऑइल मात्र अडचणीलाही नको.

मिसळताना कॅन जमिनीवर ठेवा. होडीत नको, गाडीच्या डिकीत नको. अर्धं पेट्रोल, मग सगळं तेल, झाकण लावून हलवा, मग उरलेलं पेट्रोल. थेट भरल्या टाकीत तेल ओतलं तर ते तळाला जाऊन बसतं आणि पहिला अर्धा तास मशीन निळा धूर ओकत राहतं.

आता जुन्या पेट्रोलबद्दल. सध्या पंपावर जे मिळतं त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल ओल ओढून घेतं, आणि आमच्या किनाऱ्यावर हवेत ओलीला तोटा नाही. टाकीत पुरेसं पाणी शिरलं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाला बसतं. तेल वरच्या पेट्रोलात राहतं. टाकीतली नळी ओढते तळातून. म्हणजे मशीनला जातं ते पाणी मिसळलेलं अल्कोहोल, त्यात तेलाचा थेंब नाही. शंका आली तर टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा आणि तासभर सावलीत उभं ठेवा. खाली वेगळा थर दिसला की तो माल ओतून द्या, गाळून वापरायच्या भानगडीत पडू नका. थर नसला तरी वास घ्या. जुन्या पेट्रोलला वार्निशसारखा आंबट वास येतो. महिन्याभरापेक्षा जुनं मिश्रण मी मशीनला घालत नाही.

मशीन होडीवर नीट बसलंय का

हे भराभर उरकण्यासारखं आहे, पण वगळू नका. मागच्या फळीवरचे दोन्ही क्लॅम्प-स्क्रू हाताने पिळून घट्ट करा. मशीन चालताना ते सैल होतात, म्हणून दर फेरीला बघायचे. मशीनला एक साखळी किंवा जाड दोरी होडीला बांधलेली हवीच. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरची जी आडवी पट्टी असते ती होडीच्या तळाच्या पातळीत किंवा त्याच्या इंचभर खाली यावी. फार वर असेल तर वळताना पंखा हवा ओढतो आणि मशीन नुसतं बोंबलतं. फार खाली असेल तर पेट्रोल खातं आणि पुळणीवर आधी तेच टेकतं. आखूड दांड्याचं मशीन 15 इंची फळीला, लांब दांड्याचं 20 इंचीला. सेकंडहँड घेताना लोक एचपी विचारतात, हे विचारत नाहीत.

पंख्याची स्प्लिट पिन जागेवर आहे का बघा. पंखा हाताने पुढे-मागे हलवून त्याच्या मागे तंगूस (जाळ्याचा नायलॉनचा धागा) गुंडाळलाय का, तेही बघा. आमच्याकडे हा रोग फार. तुटलेल्या जाळ्याचा तंगूस पंख्याच्या मागे दांड्याला आवळत जातो, उष्णतेने वितळतो आणि ऑइल सील कापतो. मग खारं पाणी गिअरमध्ये. खालचा गिअर ऑइलचा स्क्रू जरा सैल करा: पहिल्यांदा पाण्याचा थेंब आला, किंवा तेल दुधी चहासारखं दिसलं, तर सील गेलं समजा. तेल काळपट-मधाळ असेल तर ठीक. ते दर सहा महिन्यांनी किंवा शंभर तासांनी बदला. 90 नंबरचं हायपॉइड गिअर ऑइल, साधारण पाव लिटर लागतं. भरायचं खालच्या भोकातून, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, म्हणजे आत हवा राहत नाही. मग आधी वरचा स्क्रू लावायचा आणि त्यानंतर खालचा, नव्या वायसरसकट.

जस्ताचा तुकडा (आमच्याकडे त्याला झिंक म्हणतात) निम्म्याहून जास्त झिजला असेल तर बदला. त्याच्यावर रंग मारू नका. रंगाऱ्याने मशीनसोबत झिंकही झकास निळं करून दिलं, असं एक तरी मशीन दर वर्षी येतं. त्या झिंकचा काडीचा उपयोग नाही, कारण खाऱ्या पाण्याने मशीनच्या बॉडीऐवजी त्याला खावं म्हणूनच ते लावलेलं असतं.

नळी, फुगा आणि हवा

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा. तो बंद राहिला तर मशीन मजेत चालू होतं, खाडीतून बाहेर पडतं आणि चार-पाच मिनिटांत गप्प होतं. पेट्रोल ओढलं जातं, टाकीत हवा शिरत नाही, टाकी आत ओढली जाते. फुगा चपटा झालेला दिसला की कारण तेच.

नळी मशीनला जोडा. टोक ‘खट्’ आवाज करून बसलं पाहिजे. फुग्यावर बाण असतो, तो मशीनकडे हवा. नवी नळी बसवताना उलटी लावणारे भेटतात. फुगा हातात उभा धरा, बाण वर, आणि दाबत राहा. आतल्या झडपा उभ्या स्थितीत नीट काम करतात. थोड्या वेळात फुगा कडक होईल. कडक झाला की थांबायचं, त्यापुढे जोर लावला तर कार्बोरेटर वाहतो.

फुगा कडकच होत नसेल तर कुठून तरी हवा शिरतेय. बहुतेक वेळा जोडणीच्या टोकातली छोटी ओ-रिंग फाटलेली असते. कडक होऊन लगेच मऊ पडत असेल तर झाकण उघडून कार्बोरेटरखाली पेट्रोल गळतंय का ते नाकाने तपासा. पेट्रोलचा वास येत असताना दोरी मारायची नाही, आणि विडी तर होडीतच नको.

आता दोरी

गिअर न्यूट्रलला. बऱ्याच मशीनांत गिअर पडलेला असेल तर दोरी अडते, पण जुन्या मशीनवर या सोयीवर विसंबू नका. लाल दोरीची क्लिप बटणात घाला आणि दुसरं टोक मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवा. ही क्लिप नसेल तर ठिणगीच पडत नाही, हे विसरून लोक कार्बोरेटर खोलून बसलेले मी पाहिलेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुम्ही पाण्यात पडलात तर मशीन तिथेच बंद पडतं आणि होडी तुमच्याभोवती गोल फिरत पंख्यासकट अंगावर येत नाही. देवबागला संगमावर एकटा जाणारा माणूस ही दोरी हँडललाच गुंडाळून ठेवतो, तेव्हा मला ओरडावंसं वाटतं.

हँडलची मूठ (पिळून वेग कमी-जास्त करायची ती) ‘स्टार्ट’ खुणेवर. थंड मशीन असेल तर चोक पूर्ण ओढा. गरम मशीनला चोक नाही.

मागे बघा. तुमच्या कोपराच्या रेषेत कुणी बसलेलं नको. एक पाय पुढे, हात फळीला धरून, दोरी आधी हळू ओढा. आत दाते लागल्याचं हाताला कळतं, दोरी जड लागते. तिथून पुढे सरळ रेषेत झटका. अंगाने ओढा, नुसत्या मनगटाने नको. ओढल्यावर दोरी सोडून देऊ नका, हाताने सावकाश आत जाऊ द्या. सुटलेली दोरी आतली स्प्रिंग तोडते.

पहिल्या दोन-तीन झटक्यांत मशीन एकदा फुर्र करून थांबतं. ही चांगली खूण. आता चोक अर्धा आत घाला आणि पुन्हा ओढा. चालू झालं की चोक हळूहळू पूर्ण आत. पाच-सहा झटक्यांत काहीच नाही झालं तर दोरी खाली ठेवा. त्यापुढे शक्तीचा उपयोग नाही.

धार बघा

मशीन चालू झालं की माझी नजर झाकणाकडे जात नाही, मागच्या भोकाकडे जाते. शेडमधल्या पोराला मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवतो: ‘धार बघ रे आधी.’ पाच-दहा सेकंदांत पाण्याची बारीक, सरळ धार बाहेर पडली पाहिजे. या मशीनवर तापमानाचा काटा नाही, दिवा नाही. पाणी वर पोचतंय की नाही हे सांगणारी ही एकच गोष्ट. धार नसेल तर मशीन लगेच बंद.

मग तपासायचं. धारेचं भोकच बुजलेलं असू शकतं: वाळू, मीठ, किंवा पावसाळ्यानंतर कुंभारीण माशीचं मातीचं घर. तंगूसाचा जाडसर तुकडा भोकात घालून फिरवा. तार घालू नका, आतली रबरी नळी फाटते. तरी धार येत नसेल तर मशीन वर उचलून पाणी आत घेणाऱ्या खालच्या जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी चिकटलीय का बघा. मालवण बंदरात हे कारण इतकं नेहमीचं, की मी आधी तिकडेच बघतो. तेही नसेल तर पाण्याचा पंप, म्हणजे आतला रबरी इम्पेलर.

इम्पेलरचं थोडं सविस्तर सांगतो, कारण मशीन मरतं ते बहुतेक त्याच्यामुळे. खालच्या पायात, दांड्यावर बसलेलं हे रबराचं छोटं चाक. त्याची पाती पाण्याने भिजलेली असतात तोवर ती आतल्या भिंतीवर घसरत पाणी वर ढकलतात. कोरडं मशीन चालू केलं तर काही सेकंदांत पाती करपतात. ‘फक्त आवाज ऐकायला’ म्हणून अंगणात स्टँडवर मशीन चालू करतात ना, तेव्हा हेच होतं. देवबाग, तारकर्लीला कर्लीच्या मुखाशी पाण्यात वाळू उडत असते. तिथल्या होड्यांचे इम्पेलर वर्षभरात झिजतात. पाती एका बाजूला वाकून तशीच राहिली, टोकं चकचकीत झाली किंवा मुळाशी भेग दिसली की बदलायचा. बदलताना जुन्या इम्पेलरची पाती मोजा. एखादा तुकडा कमी असेल तर तो वर गेलाय, आणि जिथे अडकेल तिथलं पाणी तो पुन्हा अडवणार, नवा इम्पेलर असला तरी. तो तुकडा शोधून काढल्याशिवाय काम संपलं म्हणू नका. नवा बसवताना साबणाचं पाणी लावा आणि दांडा ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने फिरवत आत ढकला. इम्पेलरला दांड्याशी अडकवणारी छोटी चावी जागेवर आहे ना, तेही बघा. ती पडली तर दांडा फिरतो आणि इम्पेलर उभा.

घरी तपासायचं असेल तर 200 लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम अर्ध्याच्या वर कापा, मशीन भक्कम फळीवर टांगा, पंखा काढून ठेवा आणि गोडं पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्याही वर येईल एवढं भरा. गिअरमध्ये घालायचं नाही. ड्रम उघड्यावर हवा. बंद पडवीत धूर कोंडतो.

धार नीट असेल तर तीन-चार मिनिटं न्यूट्रलला, हळू चालू द्या. मग गिअर. गिअर घालताना मूठ एकदम कमी, आणि हात ठाम. हळूहळू, घाबरत घाबरत घातला तर दाते कडकड करत एकमेकांना खातात.

तरीही उठत नसेल तर

तीनच गोष्टी बघायच्या: ठिणगी, पेट्रोल, आणि सिलिंडरातला दाब (कॉम्प्रेशन). बाकी सगळं यातच येतं.

प्लग काढा. ओला आणि पेट्रोलच्या वासाचा असेल तर सिलिंडर भरलाय. प्लग पुसा, वाळवा. नळी मशीनपासून काढा, चोक आत, मूठ पूर्ण उघडी, क्लिप काढून प्लगशिवाय थोड्या वेळा दोरी ओढा म्हणजे आतलं पेट्रोल उडून जाईल. तोंड लांब ठेवा. मग प्लग लावा आणि चोकशिवाय चालू करा. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोलच पोचत नाही. पुन्हा फुग्याकडे, फिल्टरकडे, मग कार्बोरेटरच्या वाटीकडे.

ठिणगी बघायची तर दोन्ही प्लग आपापल्या टोपीत घाला आणि दोन्हींची धातूची बाजू सिलिंडरच्या उघड्या धातूला टेकवा, प्लगच्या भोकांपासून जेवढं लांब जमेल तेवढं. एक प्लग हवेत लोंबता ठेवून दोरी मारलीत तर सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जळू शकतं, आणि ते स्वस्त नसतं. आधी पेट्रोलची नळी काढलेली हवी, सांडलेलं पुसलेलं हवं आणि वारा खेळता हवा. सावलीत दोरी ओढा. निळी, कडक ठिणगी चांगली. पिवळी, लुळी असेल तर आधी प्लग बदलून बघा. बहुतेक 15 एचपीला एनजीके बी7एचएस-10 लागतो, फट 0.9 ते 1 मिमी. ठिणगीच नसेल तर लाल क्लिप आणि बंद करायच्या बटणाची वायर बघा. खाऱ्या हवेने ते बटण आतून गंजून कायमचं ‘बंद’ होऊन बसतं.

प्लगचा रंग बरंच सांगतो. कॉफीसारखा तपकिरी म्हणजे मशीन सुखात आहे. काळा, तेलकट म्हणजे तेल जास्त, चोक जास्त, किंवा दिवसभर हळू चालवून गळ टाकत बसलेला मालक. पांढराफटक म्हणजे मशीन तापतंय, पेट्रोल कमी पडतंय. असं मशीन जोरात चालवू नका. एक तपकिरी आणि दुसरा वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ, पाण्याचे थेंब असलेला, तर हेड गॅस्केट.

चोक ओढलेला असताना चालतं आणि चोक आत घातला की मरतं, ही तक्रार पावसाळ्यानंतर रोजची. हळू चालण्याचा बारीक जेट बुजलेला असतो. कार्बोरेटर क्लीनर आणि वायरमधली तांब्याची एक बारीक काडी वापरा, पोलादी तार घालून भोक मोठं करू नका.

दाब गेजवर बघतात. आकडा मशीनप्रमाणे बदलतो, पण दोन सिलिंडरांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. सेकंडहँड मशीन घेताना बाकी काही नाही बघितलंत तरी हे बघाच. वरचा रंग नवा असतो, आतल्या रिंगा नसतात.

पाण्यात असताना

होडीत वल्हं हवं. मशीन कितीही नवं असो. त्यासोबत प्लगचा पाना, दोन कोरे प्लग, पक्कड, स्प्लिट पिन, तंगूसाचा तुकडा आणि हातभर दोरी. आतली स्टार्टरची दोरी तुटली तर वरचं चाक उघडं करून त्याच्या खाचेत गाठ अडकवून ही दोरी गुंडाळता येते. मात्र त्या वेळी गिअरचं कुलूप काम करत नाही, त्यामुळे न्यूट्रल दोनदा तपासा, आणि फिरत्या चाकाजवळ सैल बाही, टॉवेल काही नको.

चालता चालता वेग अर्धा झाला, होडी थरथरली, पण मशीन बंद नाही: एक सिलिंडर गेला. तसंच रेटत येऊ नका, प्लग बदला. जोरात नेलं की दम तोडतं, हळू केलं की सुधारतं: पेट्रोल पुरत नाही. सोबत्याला फुगा दाबायला सांगा. दाबल्यावर सुधारलं तर मशीनमधल्या पेट्रोल पंपाचा पडदा किंवा नळी. त्या तऱ्हेने बंदरापर्यंत येता येतं. धार बंद झाली तर मात्र जागीच थांबा, नांगर टाका. तापलेल्या मशीनवर गार पाणी ओतू नका. आपोआप निवू द्या.

मशीन पाण्यात पडलं तर

साखळी नसेल तर कधीतरी पडतं. काढल्यावर लगेच उघडं ठेवून वाळवायला बसणं ही सगळ्यात मोठी चूक. खाऱ्या पाण्यात बुडलेलं मशीन हवेत आलं की गंज धावत सुटतो. आधी गोड्या पाण्याने भरपूर धुवा. चालू असताना पडलं असेल किंवा आत वाळू गेली असेल तर दोरी ओढू नका. पाणी दाबलं जात नाही, त्याने कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो, आणि वाळू बोअर खरवडते. ते मशीन मेकॅनिकचंच. बंद असताना पडलं असेल तर प्लग काढा, भोकं खाली येतील असं मशीन आडवं करा, सावकाश दोरी ओढून पाणी काढा. कार्बोरेटरची वाटी रिकामी करा. सिलिंडरात टू-स्ट्रोक तेल ओता, पुन्हा फिरवा, प्लग वाळवून ताज्या पेट्रोलवर तासाभरात चालू करा. जमत नसेल तर ते गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा आणि तसंच मेकॅनिककडे न्या. लोकांना हे वेड्यासारखं वाटतं, पण गोड्या पाण्याखाली हवा लागत नाही म्हणून गंज थोपतो.

परतल्यावर, आणि पावसाळ्यासाठी

दर फेरीनंतर ड्रममध्ये गोड्या पाण्यावर दहा मिनिटं. विहीर लांब आहे, पाणी कमी आहे, ही सबब मला रोज ऐकायला मिळते. मग तीच माणसं बुजलेले पाणीमार्ग घेऊन येतात.

1 जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागते तेव्हा मशीनं घरी येतात. शेवटचं धुताना नळी काढून टाका आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून मशीन आपोआप थांबू द्या, मग वाटीचा स्क्रू काढून उरलंसुरलं सोडा. दोन्ही प्लगच्या भोकांत चमचाभर टू-स्ट्रोक तेल, दोरी हळू ओढून आत पसरवा, प्लग परत. गिअर ऑइल आताच बदला. पाणी शिरलेलं तेल दोन महिने आत राहिलं तर बेअरिंग खातं. ग्रीसच्या निपलांना ग्रीस. धारेच्या भोकात कापडाची चिंधी खोचा म्हणजे कुंभारीण घर करणार नाही, आणि चिंधीचं टोक लोंबतं ठेवा, नाहीतर तुम्हीच विसराल. मशीन उभं टांगा. आडवं ठेवणं भागच असेल तर डोकं पायापेक्षा वर हवं, कारण पायातलं पाणी उलट सिलिंडरात येतं.

नारळी पौर्णिमेच्या आसपास मशीन पुन्हा बाहेर काढाल तेव्हा ताजं पेट्रोल घाला. आत ओतलेलं तेल जळेपर्यंत पहिली काही मिनिटं पांढुरका धूर येईल, घाबरू नका. तो निवळला की त्या प्लगांना बाजूला ठेवून कोरे लावा आणि मगच खाडीबाहेर पडा.